सत्तरच्या दशकातला अनोळखी समांतर सिनेमा: प्रत कशी पारखावी, कसा पाहावा, कुठून सुरुवात करावी

‘अंकुर’, ‘मंथन’, ‘सिंहासन’ ही नावं निघाली की गप्पा रंगतात. ‘२७ डाऊन’, ‘दुविधा’, ‘माया दर्पण’, ‘कोडियेट्टम’ यांचं नाव काढलं की समोरचा म्हणतो, ‘ऐकलंय, पण फार संथ आहे म्हणे.’ या ‘म्हणे’मागे बहुतेक वेळा एक खराब प्रत असते. प्रिंटवरून टेपवर, टेपवरून संगणकावर आणि तिथून इंटरनेटवर आलेली, वरून-खालून कापलेली, चेहरे मेणासारखे गुळगुळीत झालेली, आवाज एकाच कानात येणारी. गाणी, हाणामारी आणि खटकेबाज संवाद असलेला चित्रपट अशा प्रतीतूनही तगून जातो. पण ज्याने आपलं सगळं भांडवल भिंतीवरच्या उन्हात, मागच्या दाराच्या चौकटीत आणि दोन वाक्यांमधल्या शांततेत गुंतवलंय, त्याचं अशा प्रतीत काही उरत नाही. म्हणून आधी प्रत पारखा, मग पडदा नीट लावा, मग सोप्याकडून अवघडाकडे जा. मत त्यानंतर बनवा.

प्रत पारखणं

सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं. ते पुढे ढकलू नका, थांबवून वाचा. त्यावर चित्रपटाची भाषा, रिळांची संख्या आणि मीटरमधली लांबी असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला साधारण २७.४ मीटर धावते. म्हणजे प्रमाणपत्रावर ३००० मीटर लिहिलं असेल तर चित्रपट १०९ मिनिटांचा हवा. १६ मिलिमीटरचा हिशोब वेगळा आहे, तिथे मिनिटाला सुमारे ११ मीटर धरा. हा भागाकार केला की तुमच्यासमोरची प्रत पुरी आहे की तोकडी, ते दोन मिनिटांत कळतं.

मात्र तोकडी दिसणारी प्रत दर वेळी कापलेली असतेच असं नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण सेकंदाला २५ चौकटींच्या पीएएल पद्धतीचं होतं. त्यासाठी उतरवलेला चित्रपट चार टक्के वेगाने पळतो, त्यामुळे १०९ मिनिटांचा चित्रपट १०५ मिनिटांत संपतो. दूरदर्शनवरून किंवा जुन्या डीव्हीडीवरून आलेल्या बऱ्याच प्रती अशाच आहेत. त्यात काही कापलेलं नसतं, पण आवाज अर्ध्या सुराहून किंचित कमी इतका वर चढलेला असतो. बोलणं थोडं चिरकं वाटतं आणि बासरी-सतार ओळखीच्या पट्टीत बसत नाहीत. १०९ च्या जागी ९८ मिनिटं भरली, तर मात्र सात-आठ मिनिटं खरोखर गेली आहेत, दुसरी प्रत शोधा.

प्रमाणपत्र आणखी एक गोष्ट सांगतं. ‘यूए’ हा वर्ग १९८३ मध्ये आला. सेन्सॉर मंडळाचं इंग्रजी नावही त्याच वर्षी बदललं आणि ‘सेन्सॉर्स’च्या जागी ‘सर्टिफिकेशन’ हा शब्द आला. तेव्हा १९७२ च्या चित्रपटावर ‘यूए’ दिसलं, तर त्या प्रतीला नंतर नव्याने प्रमाणपत्र घेतलेलं आहे. अशा वेळी लांबी जास्तच काळजीने मोजा. प्रमाणपत्राच्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर मंडळाने सुचवलेली काटछाट त्यात झालेली आहे.

पुढची खूण पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात असते. जुन्या प्रिंटवर प्रत्येक रीळ संपायच्या साधारण आठ सेकंद आधी आणि मग एक सेकंद आधी छोटा गोल ठिपका चमकून जातो. ऑपरेटरने दुसरा प्रोजेक्टर कधी सुरू करायचा, याची ती खूण. दर अकरा किंवा वीस-बावीस मिनिटांनी हे ठिपके पूर्ण गोल दिसत असतील, तर चौकट वरच्या बाजूने कापलेली नाही. ठिपका अर्धाच दिसला, तर वरचा भाग छाटला गेलाय. अजिबात दिसला नाही तर दोन शक्यता: एकतर प्रत मूळ निगेटिव्हवरून केलेली आहे, म्हणजे उत्तम, नाहीतर चौकट बरीच कापलेली आहे. लोकांची डोकी कपाळावर तुटतायत का, हे पाहिलं की दोन्हींतलं कुठलं ते समजतं. ठिपक्यांच्या मागेपुढे संवाद अचानक तुटत असेल, तर रिळांची टोकं झिजून काही फूट फिल्म गेलेली असते. टोकं सर्वांत जास्त हाताळली जातात, त्यामुळे ओरखडेही तिथेच दाट असतात. तेवढं सोसावं लागतं.

शेवटची कसोटी केसांची. एखाद्या क्लोजअपवर चित्रपट थांबवा आणि कपाळावरचे केस, सुती साडीचा पोत, दाढीचे खुंट पाहा. बारीक दाणेदारपणा दिसत असेल तर ती फिल्मची स्वतःची कातडी आहे, दोष नव्हे. चेहरा गुळगुळीत, केसांचा एकच काळा गठ्ठा आणि भिंत प्लास्टिकसारखी दिसली, तर कुणीतरी ‘सफाई’ करताना चित्रच पुसून टाकलंय. फाइलवर १०८० लिहिलेलं आहे यावर भुलू नका. जुन्या टेपची प्रत मोठ्या आकारात ताणली तरी तिला तेच लेबल लावता येतं.

रंगीत चित्रपटांचं दुखणं वेगळं. त्या काळातल्या रंगीत प्रिंटमधला निळसर-हिरवा रंगद्रव्याचा थर सर्वांत आधी उडतो आणि उरतं ते गुलाबी-तांबूस चित्र. आकाश जांभळं आणि झाडं विटकरी दिसत असतील, तर रंगांबद्दल एक अक्षरही बोलू नका. टीव्हीवरचा रंग थोडा कमी केला की डोळ्यांना जरा बरं वाटतं, पण गेलेला रंग परत येत नाही.

पडदा आणि आवाज

यातले बहुतेक चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत, १.३७ ला १ या प्रमाणात काढलेले आहेत. आजचा टीव्ही १६ ला ९ असतो. त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसणं बरोबर आहे. त्या खटकतात म्हणून ‘झूम’ केलं, तर चित्राचा उंचीतला जवळजवळ चौथा भाग जातो. ‘स्ट्रेच’ केलं तर माणसं तिसऱ्या हिश्शाने रुंद होतात. टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. चारही बाजूंनी काळी चौकट असेल तेव्हाच एक पायरी झूम करायला हरकत नाही.

हालचाल मऊ करणारी सुविधा बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ‘मोशन’ हा शब्द त्यात बहुधा असतो. ती सुरू राहिली तर खांद्यावर कॅमेरा घेऊन काढलेला शॉट मालिकेसारखा घसरत जातो. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा, नाहीतर दाण्यांभोवती पांढऱ्या कडा येतात. चित्रपट कृष्णधवल असेल तर रंगाचं सेटिंगही थेट शून्यावर न्या. टेपवरून आलेल्या कृष्णधवल प्रतीत हिरवट किंवा जांभळट झाक असते, ती एका झटक्यात जाते. इतका सोपा उपाय क्वचितच कुणी करतं. खोलीतला दिवा पडद्यामागे ठेवा, पडद्यावर त्याचं प्रतिबिंब नको. रात्रीचे प्रसंग यांत खरोखरच काळोखात काढलेले असतात.

संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये पाहत असाल तर चार कळा लक्षात ठेवा. माणूस चालताना त्याच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले, तर ‘डी’ दाबा. दाते जात नसतील तर व्हिडिओच्या मेनूतून ‘याडिफ’ ही पद्धत निवडा. सबटायटल मागेपुढे असतील तर ‘जी’ आणि ‘एच’. ‘ए’ने चौकटीचं प्रमाण बदलतं.

ओठ आणि आवाज जुळवायला ‘जे’ आणि ‘के’ आहेत, पण त्यांना हात लावण्याआधी थांबा. या काळातले बहुतेक चित्रपट शूटिंगनंतर स्टुडिओत डब केलेले आहेत. ओठ मुळातच शंभर टक्के जुळत नाहीत, आणि मणी कौलसारख्या दिग्दर्शकाला ते जुळायला नकोही होते. म्हणून ओठांवरून ठरवू नका. दार आपटणं, भांडं पडणं, डब्यांच्या साखळीला बसणारा धक्का असा एखादा कडक आवाज शोधा. तो चुकत असेल तरच सरकवा. एका दाबाने सेकंदाचा विसावा भाग सरकतो, त्यामुळे दोन-तीन दाबांत काम होतं.

मूळ आवाज एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो असतो. टीव्हीचं सराउंड आणि संवाद ‘स्पष्ट’ करणारं सेटिंग बंद करा. ते सेटिंग मागची खरखर वर उचलतं आणि शांततेची वाट लावतं. एकाच कानात आवाज येत असेल तर प्लेअरमध्ये स्टीरिओच्या जागी मोनो निवडा. हेडफोन घालून पाहिलेलं उत्तम, विशेषतः मल्याळम चित्रपट. ते का, हे पुढे येईल.

कुठून सुरुवात करावी

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेट ‘उसकी रोटी’ लावणं. यादीत वरचं नाव असतं म्हणून लोक तिथून सुरू करतात, अर्ध्या तासात दमतात आणि पुढचं सगळं दशक बंद होतं.

सुरुवात ‘२७ डाऊन’पासून करा. अवतार कृष्ण कौल यांचा हा १९७४ चा एकमेव कथापट. रमेश बक्षींच्या ‘अठारह सूरज के पौधे’ या हिंदी कादंबरीवर तो बेतलेला आहे. कौल त्याच वर्षी पाण्यात बुडून गेले. संजय (एम. के. रैना) कलाशाळेत शिकणारा मुलगा. इंजिन ड्रायव्हर बापाच्या हट्टामुळे तिकीट तपासनीस होतो आणि पुढे त्याचं सगळं आयुष्य रुळांवरून बाहेर पडतच नाही. लोकलमध्ये शालिनी (राखी) भेटते, ती एलआयसीत नोकरी करणारी. इकडे बाप परस्पर लग्न ठरवतो आणि हुंड्यात म्हशी येतात. कथा मुंबईकराला हाताशी असल्यासारखी आहे आणि ए. के. बीर यांचा कॅमेरा खऱ्या गाड्यांमध्ये, खऱ्या गर्दीत घुसलेला आहे. व्हीटी स्थानकावरचा वरून घेतलेला शॉट जरूर थांबून पाहा. फलाट मोकळा असतो, गाडी येते आणि बघता बघता माणसांनी काळा होऊन जातो. बीर यांना या कामासाठी कृष्णधवल छायालेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो शॉट पाहिल्यावर का मिळाला ते विचारावं लागत नाही. कलादिग्दर्शन बन्सी चंद्रगुप्तांचं, संगीत हरिप्रसाद चौरसिया आणि भुवनेश्वर मिश्र यांचं. प्रत पीएएल वेगाची आहे का, हे इथे बासरीवरून लगेच कळतं. चित्रपटातलं स्वगत निवेदन आम्हाला जरा जास्त वाटतं. चेहरा जे सांगून गेलाय ते शब्दांत पुन्हा येतं. पण पहिल्या पायरीला ते स्वगतच हात धरतं.

दुसरी पायरी मराठीतली. ‘सामना’ नावाने बऱ्याच जणांना माहीत आहे. हिंदूराव धोंडे पाटील झालेले निळू फुले आणि ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न घेऊन फिरणारे मास्तर डॉ. लागू, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण सलग, पुरी प्रत पाहिलेले कमीच. त्यानंतर विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये केलेला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. गोविंद निहलानींचं स्वतंत्र छायालेखक म्हणून हे पहिलं काम, बेणारेबाई सुलभा देशपांडे. नाटक वाचलेलं असेल तर एक काम करा: बेणारेवर आरोप सुरू झाल्यावर बोलणाऱ्याकडे बघणं सोडा आणि कॅमेरा त्या वेळी ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या चेहऱ्यावर थांबतो, ते मोजत राहा. रंगमंचावर आपण कुठेही बघू शकतो, इथे आपली नजर कुणीतरी धरून ठेवलेली असते. ती कुठे धरली आणि का, हे कळायला लागलं की पुढचे सगळे चित्रपट सोपे होतात.

‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) मात्र या टप्प्यावर नको. ते फक्त चित्रित केलेलं नाटक नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांच्या युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने तो केला. मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी चार नावं त्यामागे आहेत. नाना फडणवीस झालेत मोहन आगाशे आणि घाशीराम ओम पुरी, आणि पुरींचं पडद्यावरचं हे पदार्पण. नाटकाची लय डोक्यात ठेवून बसलात तर लांबच लांब शॉट अंगावर येतात. तो शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवा. बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने तिच्याकडच्या प्रिंटवरून डिजिटल प्रत केली आहे, शक्यतो तीच मिळवा.

तिसऱ्या पायरीला कलकत्ता. मृणाल सेन यांचा ‘इंटरव्ह्यू’ (१९७१) म्हणजे एका दिवसाची गोष्ट: चांगल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी रणजितला सूट हवाय, लाँड्रीवाल्यांचा संप आहे. इतकंच. ट्रामच्या प्रसंगात तो अचानक आपल्याकडे वळतो आणि सांगतो, मी कुणी स्टार नाही, हे लोक कॅमेरा घेऊन दिवसभर माझ्या मागे फिरताहेत. लगेच कॅमेऱ्यामागचे के. के. महाजन दिसतात. हेच महाजन ‘उसकी रोटी’ आणि ‘माया दर्पण’चेही छायालेखक आहेत. तीन दिग्दर्शकांकडे एकाच माणसाचा हात किती वेगवेगळा चालतो, हे पाहायचं असेल तर तिन्ही चित्रपट महिन्याभरात लागोपाठ बघा.

कन्नड आणि मल्याळम

भाषेच्या भीतीने मराठी प्रेक्षक इथे वळत नाही आणि आमच्या मते दशकातलं सगळ्यात भरीव काम इथेच पडून आहे.

गिरीश कासरवल्ली यांचा ‘घटश्राद्ध’ (१९७७) मराठी घराला परका वाटूच शकत नाही. वेदपाठशाळा, ती चालवणाऱ्या उडुपांची विधवा मुलगी यमुना, तिचा मास्तराशी आलेला संबंध, आणि जिवंत माणसाचं श्राद्ध घालून, घट फोडून त्याला समाजातून तोडणारा विधी. हे सगळं नाणी या लहान मुलाच्या डोळ्यांनी दिसतं. त्याला अर्ध्याच गोष्टी समजतात आणि कॅमेराही त्याच्याच इतकं पाहतो. दाराआड, फटीतून, मोठ्यांच्या कमरेच्या उंचीवरून. पहिल्यांदा पाहताना फक्त कॅमेऱ्याची उंची लक्षात घ्या. कथा यू. आर. अनंतमूर्तींची. २०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात याची पुनर्संस्कारित प्रत दाखवली गेली, तिच्यासाठी थांबावं लागलं तरी थांबा. अनंतमूर्तींच्याच कादंबरीवरचा ‘संस्कार’ (१९७०, दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी, छायालेखक ऑस्ट्रेलियाचे टॉम कोवन, प्राणेशाचार्य गिरीश कर्नाड) त्याआधी पाहिलात तर दोन्हींतला ब्राह्मणी घराचा काळोख किती वेगळ्या तऱ्हेने टिपलाय, ते उमगतं.

अडूर गोपालकृष्णन यांचा ‘कोडियेट्टम’ (१९७७) हेडफोन लावून पाहायचा तो यासाठी की त्यात पार्श्वसंगीत नाहीच. आहे तो देवळातल्या उत्सवाचा वाद्यघोष, हत्तीच्या पायातली साखळी, पाऊस, लॉरीचं इंजिन. शंकरनकुट्टी (गोपी) हा धडधाकट पण पोरकट माणूस, उत्सव आणि जेवणावळी यांच्या मागे हिंडणारा. एक लॉरी शेजारून जाते, त्याच्या अंगभर चिखल उडवते आणि तो रागावण्याऐवजी तिच्याकडे बघत ‘काय वेग!’ म्हणून हरखतो. तो क्षण लक्षात ठेवा. पुढे त्याचं आयुष्य याच लॉरीशी जोडलं जातं आणि इंजिनाचा तोच आवाज आता वेगळा ऐकू येतो. सुमार प्रतीत सगळे आवाज एका घरघरीत मिसळतात आणि मग लोक म्हणतात, यात काही घडतच नाही. गोपींना या भूमिकेसाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जी. अरविंदन यांचा ‘थंपू’ (१९७८) आणि ‘कुम्माट्टी’ (१९७९) या दोन्हींच्या पुनर्संस्कारित प्रती झाल्या आहेत, त्यामुळे जुन्या प्रतींच्या वाटेला जाऊ नका. ‘थंपू’त भारतपुळा नदीकाठी सर्कस येते. अरविंदन यांनी खेळ खरोखर लावला आणि तो बघणाऱ्या गावकऱ्यांचे चेहरे टिपले. नव्या प्रतीत त्या चेहऱ्यांवरची प्रत्येक रेघ दिसते, जुन्या टेपवर ते राखाडी डाग होते. ‘कुम्माट्टी’ घरातल्या मुलांबरोबर पाहण्यासारखा आहे. मूळ निगेटिव्ह हाती नसल्याने ती प्रत प्रिंटांवरून उभी केली, तरी गवताचा हिरवा आणि मातीचा तांबडा पुन्हा जागेवर आलाय.

इथे अडचण येते ती सबटायटलची. महोत्सवांसाठी काढलेल्या जुन्या प्रिंटवर इंग्रजी अक्षरं चित्रातच छापलेली असतात. पांढऱ्या मुंडूवर, म्हणजे केरळी लुंगीवर, पांढरी अक्षरं आली की वाक्य गेलं. गाणी, श्लोक, मागून येणारं बोलणं यांचं भाषांतर बहुधा नसतंच. उपाय साधा आहे: कथासार आधी वाचून बसा, शेवटासकट. या चित्रपटांत शेवट कळल्याने काही बिघडत नाही आणि डोळे अक्षरांवरून सुटून चित्राकडे जातात.

अवघड तिघे

आता मणी कौल. आधी ‘दुविधा’ (१९७३). विजयदान देथांची राजस्थानी लोककथा. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी वाण्याचा मुलगा पाच वर्षांसाठी व्यापाराला निघून जातो. नव्या नवरीवर भाळलेलं भूत त्याचं रूप घेऊन घरात येतं, पण तिला मात्र खरं सांगून टाकतं. याच कथेवर २००५ चा ‘पहेली’ आहे आणि तो आधी पाहिला असेल तर डोक्यातून काढून टाकावा लागतो. इथे पात्रं ओठ न हलवता बोलतात, आवाज बाहेरून येतो, चित्र मध्येच गोठतं. हे तंत्राचं अपयश समजून लोक बंद करतात. आजीने गोष्ट सांगताना सगळ्यांचे संवाद ती स्वतःच म्हणते ना? तशी ही गोष्ट ‘सांगितली’ जातेय. तसं ऐकलं की घडी बसते. पांढऱ्या भिंतीपुढचा लाल पोशाख फिकट प्रतीत गुलाबी होतो, त्यामुळे रंगांची कसोटी इथे आधी लावा. कौल यांना याच्या दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मग ‘उसकी रोटी’ (१९७०). मोहन राकेश यांची कथा, पंजाबातलं खेडं. बालो रोज भाकरी बांधून बसच्या थांब्यावर येते आणि ड्रायव्हर नवऱ्याची वाट पाहते. कौल आणि महाजन यांनी यात दोन भिंगं वापरली, २८ मिलिमीटरचं आणि १३५ मिलिमीटरचं. २८ च्या चित्रात जवळच्या हातापासून लांबच्या झाडापर्यंत सगळं स्पष्ट दिसतं, ते बालोचं प्रत्यक्ष जगणं. १३५ मध्ये पाठचं विरघळतं आणि माणूस मागच्या भिंतीला चिकटल्यासारखा दिसतो, ती तिची कल्पना. चित्रपट पुढे सरकतो तशी ही वाटणी हळूहळू उलटते. जे डोळ्यांसमोर आहे आणि जे मनात आहे, त्यांच्यातला फरक पुसला जातो. वाट पाहणाऱ्या माणसाचं नेमकं हेच होतं.

पहिल्या वेळेस गोष्टीच्या मागे लागू नका. प्रत्येक शॉटला स्वतःला एवढंच विचारा: मागचं स्पष्ट आहे की धूसर? वीस मिनिटांत डोळा तयार होतो. आणि म्हणूनच खराब प्रतीत हा चित्रपट पाहणं म्हणजे वेळ वाया घालवणं आहे. दाबलेल्या फाइलमध्ये पाठीमागचं सगळंच धूसर असतं, दोन भिंगांमधला फरक मुळातूनच नाहीसा होतो आणि हाती उरते ती एक बाई आणि एक थांबा.

कुमार शहानींचा ‘माया दर्पण’ (१९७२) सर्वांत शेवटी. निर्मल वर्मांची कथा, उतरती कळा लागलेली हवेली, लग्न न झालेली तरन, तिचा करडा बाप. शहानी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांचे विद्यार्थी, नंतर फ्रान्सला जाऊन दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांच्या हाताखाली काम केलेले. ती दोन्ही घराणी इथे एकत्र ऐकू येतात. गोष्ट रंगांत आहे: तरनच्या साडीचा, भिंतींचा, बाहेरच्या झाडांचा रंग कुठे बदलतो, त्याची कागदावर नोंद ठेवत पाहा. शेवटी छाऊ नृत्य येतं. ते ‘उपरं’ वाटलं तर नोंद काढून बघा, त्याआधीचे रंग तिकडेच निघालेले दिसतील.

या तिघांना एका बैठकीतच पाहायचं. फोन दुसऱ्या खोलीत. जेवणानंतर लगेच नको, दुपारी तर नकोच. झोप आली तर सरळ बंद करा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून लावा, जिथे सोडलं तिथून नाही. लय तुटलेली असते. दीडपट वेगाने पाहण्याचा मोह टाळा, तसं पाहण्यापेक्षा न पाहिलेलं बरं.

कुठे मिळतात

यातल्या बऱ्याच हिंदी चित्रपटांना फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने, म्हणजे १९६० साली सुरू झालेल्या सरकारी महामंडळाने, कर्ज दिलं होतं. ते १९८० मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत विलीन झालं. त्यामुळे अशा चित्रपटांसाठी पहिली चौकशी एनएफडीसीच्या डीव्हीडी आणि ऑनलाइन प्रतींची करावी. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं, तेही आता एनएफडीसीकडेच आहे. तिथले खेळ, पुणे-मुंबई-गोव्याचे महोत्सव आणि मुंबईतल्या १९६८ पासूनच्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. जुन्या चित्रपटांचे विभाग छोटे असतात आणि पत्रिकेत शेवटच्या पानावर असतात. मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही संस्था ‘थंपू’सारख्या नव्या प्रती दाखवते तेव्हा प्रवास करून गेलात तरी चालेल. मोठ्या पडद्यावर चौकोनी चौकट पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिची उंची किती आहे, ते तिथेच कळतं.

सोसायटीच्या खेळाला जाताना आयोजकांना आधीच दोन प्रश्न विचारा: प्रत कुठून आली आहे, आणि प्रोजेक्टर ४:३ वर लावणार का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बघू’ असं आलं, तर अर्धा तास लवकर पोचा आणि पहिला शॉट लागताच माणसांची डोकी शाबूत आहेत का ते बघा. नसतील तर तिथल्या तिथे सांगा. सेटिंग बदलायला एक मिनिट लागतं, आणि चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर कुणी उठत नाही.